कापसाचा सोफा

त्या वर्षी ढाणकीत माणसांपेक्षा कापसाला जागा जास्त लागली. भाव पडलेला, खरेदी केंद्र आज उघडेल की उद्या याचा पत्ता नाही, आणि व्यापारी कापसाकडे असे बघायचे की जणू न बोलावता पाहुणा आलाय. मग ज्याचा त्याचा कापूस ज्याच्या त्याच्या घरात मुक्कामाला. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या पलंगाखाली. सदाशिवरावांचा थेट बैठकीच्या खोलीत, खिडकीच्या अर्ध्या गजांपर्यंत.

रथसप्तमीला चार दिवस होते. त्यांची मुलगी कुंदा उमरखेडहून एसटीनं माहेरी आली आणि बैठकीच्या दारातच थांबली. खुर्च्या अंगणात निघालेल्या, टीपॉय गच्चीवर. आत पांढरा डोंगर, आणि डोंगराच्या माथ्यावर पाय पसरून तिचे बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, पडाल ना!"

"पडलो तं कापसातच पडीन. ये वर. काश्मीर हाय इथं."

कुंदाला हसू आलं. या घरात ती वर्षभरानं हसत होती. गेल्या वर्षीच्या पौषात तिची आई, पंचफुलाबाई, गेली. वर्षश्राद्ध नुकतंच झालं होतं. आता घरात सण करायला कुणाची हरकत नव्हती, आणि पहिला सण येत होता तो नेमका हळदीकुंकवाचा.

पंचफुलाबाईंचं हळदीकुंकू म्हणजे गावातल्या बायकांचं वर्षाचं प्रदर्शन. वाण काय मिळतं याच्यासाठी कुणी येत नसे. यंदा बैठक कशी मांडली, ते बघायला येत. एका वर्षी त्यांनी सुपं भिंतीला टांगून त्यांत पणत्या बसवल्या होत्या. एकदा जुन्या लुगड्यांच्या काठांचे पडदे केले, तर महिनाभरात निम्म्या गावाच्या खिडक्यांना काठ लागले. घरात जे असेल त्याचंच काहीतरी करायचं, विकत आणायचं नाही, हा त्यांचा नेम.

या वर्षी मान सुनेचा होता. कुंदाच्या भावाची, अनंताची, बायको निशिगंधा दोन वर्षांपूर्वी यवतमाळहून लग्न होऊन आली. वडील कचेरीत बाबू, घर तीन खोल्यांचं, पण त्या तीन खोल्यांत उशीच्या अभ्र्यापासून पायपुसण्यापर्यंत सगळं एकमेकांशी जुळलेलं. मासिकांतली घरसजावटीची पानं कापून वहीत चिकटवायचा तिला नाद होता.

"ताई, अनंत म्हणतात हळदीकुंकू अंगणातच करा," ती कुंदाला म्हणाली. "पण मी म्हणते, कापूस बाहेर निघत नाही ना? मग त्याचाच सोफा करू."

"कशाचा?"

"कापसाचा. तिन्ही भिंतींना लावून. बसायला खाली, टेकायला वर. बघा ना." तिनं वही उघडली. चित्रात कुठल्या तरी परदेशी घरातला सोफा होता, त्यावर एक मांजर होतं.

"मांजरही कापसाचंच करणार का?"

निशिगंधा खळखळून हसली. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आईंच्या पेटीत त्या जाड सतरंज्या आहेत ना? आणि पोपटांच्या चादरी. त्या वरून टाकल्या असत्या तर..."

पेटी कुंदाच्या जुन्या खोलीत होती. तेराव्याच्या दिवशी कुंदानं तिला कुलूप लावलं आणि किल्ली उमरखेडला नेली, ती अजून तिच्याच पर्समध्ये होती. आईनं तीस वर्षांत जमवलेलं, शिवलेलं, भरलेलं सगळं त्या पेटीत होतं.

"ते राहू दे," कुंदा म्हणाली.

"बरं ताई." निशिगंधानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. संध्याकाळी ती बाजारात जाऊन मोरपंखी रंगाचं, चमकणारं, पातळ कापड घेऊन आली. पुरेल इतकं आणि वर पडद्यांना.

पुढचे दोन दिवस घरात मशीन थांबलं नाही. कापसाच्या लांबच लांब गाद्या शिवून भिंतींना लागल्या. मदतीला बसंतीबाई होती. बंजारा तांड्यावरची बसंतीबाई दरसाल त्यांच्या शेतात कापूस वेचायला यायची, कापसाला तिच्याइतकं कुणी ओळखत नव्हतं. तिनं मोरपंखी कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"पातळ हाय वं, सूनबाई. याच्यातून खाज वर येईन. पंचफुलाबाई तं कापसावर सतरंजी टाकल्याबिगर लेकराले बी बसू देत नव्हती." आणि ती कुंदाकडे बघायला लागली.

कुंदाला हे माहीत होतं. लहानपणी कापूस घरात आला की ती आणि अनंत त्यावरच झोपायचे, आणि आई आधी सतरंजी अंथरायची. नाहीतर रात्रभर अंग खाजवत बसायचं. माहीत होतं, तरी ती खाली बघून सुईत दोरा ओवत राहिली.

"थंडीत कुठली खाज, मावशी?" निशिगंधा म्हणाली. तिच्या माहेरी कापूस फक्त समईच्या वातीपुरता यायचा.

"कराल तसं भराल, बाप्पा," बसंतीबाई म्हणाली आणि खोळीत कापूस दाबू लागली.

हळदीकुंकवाच्या दिवशी खोली मात्र अशी दिसली की सदाशिवराव चपला बाहेर काढून आत आले. तिन्ही बाजूंना मोरपंखी सोफा. कोपऱ्यात पितळी घागरीत शेंगांसकट तुरीच्या फांद्या. उलट्या टोपल्यांवर परात ठेवून केलेली टेबलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्यांना चुना लावून त्यांचं केलेलं झाड, त्यावर छोटे दिवे.

"अनंता," ते मुलाला म्हणाले, "आपला कापूस आपल्यापेक्षा चांगला राहून राह्यला बे."

चार वाजता बायका आल्या. दारातच "अगं बाई!" आणि "पाहा तरी!" सुरू झालं. निशिगंधाच्या गालावर लाली चढली. मानाच्या जागी शेजारच्या विमलताई बसल्या. वयानं आणि वजनानं गावात सर्वांत मोठ्या. त्या बसल्या आणि चकचकीत कापडावरून सरकन खाली आल्या.

"काय वं निशिगंधा, सोफा हाय का घसरगुंडी?"

हशा पिकला. दोघींनी धरून त्यांना वर बसवलं. त्या आत रुतल्या. "आता मले काढू नका. रथसप्तमीलेच काढा."

पाच-दहा मिनिटं छान गेली. मग कुंदाला दिसलं, एकीनं कोपर खाजवलं. दुसरीनं पदर सावरायच्या निमित्तानं मान. तिसरी एका पायाच्या टाचेनं दुसरी पोटरी घासत होती आणि चेहरा मात्र हसरा ठेवून तिळगूळ खात होती. उन्हं खिडकीतून सोफ्यावर आली होती, कापूस तापला होता. कुणी काही बोलेना. बोलायचं नाही, हीच तर सभ्यता.

"मी निघते वं, दूध तापवाचं हाय," एक जण उठली.

"मले बी दूध तापवाचं हाय."

"माह्यंही."

एकदम इतक्या जणींचं दूध! निशिगंधा हळदीकुंकवाचं ताट हातात धरून मधोमध उभी होती. आपलं काय चुकलं हे तिला कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय एवढं कळलं होतं, आणि तिचे कान तांबडे झाले होते. या बायका आता दारातून बाहेर पडणार, आणि होळीपर्यंत गावभर होणार: पंचफुलाबाईच्या घरी गेलतो, खाजवत आलो. तिची सून अशी निघाली. कुंदाला ते सगळं ऐकू आल्यासारखं झालं. आणि सून तशी नव्हती. सुनेनं मागितलं होतं.

कुंदा खोलीत गेली. पर्समधून किल्ली काढून तिनं पेटी उघडली. कापूर आणि वाळक्या कडुनिंबाचा वास आला. सर्वांत वर एक चादर होती, काठ अर्धा दुमडलेला, आणि जिथं टाके थांबले होते तिथं दोरा ओवलेली सुई तशीच टोचलेली. कुंदा सुईकडे बघत राहिली. बाहेरून विमलताईंचा आवाज आला, "अवं कोणीतरी उठवा ना मले!" तिनं सुई काढून भिंतीवरच्या कॅलेंडरात खोचली, दोन्ही हातांनी सतरंज्या-चादरींचा गठ्ठा उचलला आणि बैठकीत आली.

"उठा सगळ्या!" ती शाळेतल्या आवाजात म्हणाली. उमरखेडच्या शाळेत पोरं या आवाजाला भीत. "दूध काही उतू जात नाही. कापसाला खाज आहे, मला माहीत होतं, मी बोलले नाही. चूक माझी आहे, निशिगंधाची नाही. आता टोकं धरा."

मग बसंतीबाई मोठ्यानं म्हणाली, "ये याडी! माय वं, बोलली एकदाची!" आणि त्या हशात जिला जिथं खाजत होतं तिथं तिनं मोकळेपणानं खाजवून घेतलं. दोन दोन जणींनी टोकं धरली. सतरंज्या झटकल्या, अंथरल्या, त्यांवर चादरी पसरल्या. हिरवे पोपट मोरपंखी पडद्यांशी असे जुळले की निशिगंधानं वहीत शोधूनही सापडलं नसतं.

"ही तं माह्या पोरीच्या बारशाची चादर!" एक जण म्हणाली. "पंचफुलाबाईनं पाळण्याखाली टाकली होती."

"अन् ही माह्या समोर भरली. या पोपटाले डोळाच नाई, पाहा. म्हणे राहू दे, झोपला हाय तो."

दूध कुणालाच आठवलं नाही. दिवे लागेपर्यंत बायका हलल्या नाहीत, आणि जाताना चार जणींनी निशिगंधाला घरी बोलावलं. त्यांच्याकडेही खोलीभर कापूस होताच.

सगळ्या गेल्यावर निशिगंधा ओला कपडा घेऊन आली. पांढऱ्या चादरीवर हळद सांडली होती, तळहाताएवढी. "ताई, साबण लावू का? आत्ताच लावते."

"साबण नको, लाल होईल. उद्या उन्हात टाक, आपोआप जाते हळद."

"मग घडी करून पेटीत?"

"कशाला? बसायचं कशावर मग?" कुंदानं कुलपातच राहिलेली किल्ली आणून तिच्या हातावर ठेवली आणि सोफ्यावर टेकली. "आत अजून पुष्कळ आहे. बघून घे, लागेल ते वापर."

निशिगंधानं किल्ली मुठीत धरली. मग तिच्या शेजारी येऊन हळूच बसली.

आतून सदाशिवराव म्हणाले, "सैपाक होईन का आज, का कापूसच खाचा?"

"अनंताला सांगा खिचडी टाकायला, आम्ही बसलोय!" कुंदा ओरडली.

निशिगंधानं चादरीचा काठ हातात घेतला. "ताई, या पोपटाला खरंच डोळा नाही. आईंना शिवायचा कंटाळा आला होता का?"

"कंटाळा? छे. थांब, सांगते." कुंदानं पाय वर घेतले, पाठीमागचा लोड जरा ठोकून नीट केला आणि सांगायला लागली.