एकोणीस बाटल्या

जुन्या संगणकात नोंदी होत्या पाच हजार आठशे बेचाळीस. नव्यात उतरल्या पाच हजार आठशे तेवीस. ताईने वजाबाकी कागदावर पुन्हा एकदा केली, जणू हातचा विसरल्यामुळेच एकोणीसचा फरक पडला असावा.

पाणीपुरवठ्याच्या या प्रयोगशाळेत साहेबांपासून शिपायापर्यंत सगळेच तिला ताई म्हणत. सोळा वर्षे तिचे काम एकच. रोज सकाळी टाकीच्या पाण्याची बाटली भरायची, तिला पुढचा क्रमांक द्यायचा, क्लोरीन मोजायचा आणि आकडा संगणकात चढवायचा.

"ताई, तुमच्या बाटल्यांना जुळी झालीत!" नवा संगणक बसवायला आलेली बाई हसली. "एकेका क्रमांकाच्या दोन-दोन. जुना प्रोग्रॅम बिचारा गरीब, काहीही पोटात घालायचा. हा नवा मोठा खट आहे."

पडद्यावर नाकारलेल्या नोंदी ओळीने आल्या. सगळ्या सहा वर्षांपूर्वीच्या, एकाच महिन्यातल्या. ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

त्या महिन्यात तपासणीची पावडर संपली होती. मागवायचे काम तिचेच, आणि नेमके तेच ती विसरली. इतरांच्या विसरभोळेपणावर बैठकीत बोट ठेवणारी ती. आता कोणत्या तोंडाने सांगणार? पावडर उद्या येईल, परवा येईल, असे करता करता एकोणीस दिवस गेले. तिने आदल्या वर्षीच्या त्याच दिवसांच्या नोंदी उचलल्या, वर्ष बदलले आणि चिकटवल्या. बाटलीचे क्रमांक बदलायचे राहिले.

त्याच दिवसांत पंपवाले काका दारात येऊन म्हणाले होते, "ताई, क्लोरीनचा पंप दम खातोय. आकडा कमी येत असेल बघा."

"आकडे ठीक आहेत, काका," ती मान वर न करता म्हणाली होती.

साहेबांनी संगणकातले आकडे पाहिले आणि काकांच्या सेवापुस्तकात शेरा मारला: खोटी तक्रार, कामात टाळाटाळ. पंपावर तीस वर्षे काढलेला माणूस फाटकावर बसला. तेव्हापासून रोज सकाळी तेच फाटक उघडत आणि म्हणत, "या ताई." रोज ती ठरवी, तपासणी आटोपली की सांगू, साहेबांचा मूड बरा दिसला की सांगू. ते पाणी कुणाला बाधले का, हे तिने कधी विचारलेच नाही. विचारले असते तर कळले असते.

या महिनाअखेर काका निवृत्त होणार होते. शेरा त्यांच्याबरोबर घरी जाणार होता.

साहेब आत डोकावले. "उरकलं का? दुपारी हे जुनं धूड पुसून न्यायला माणूस येतोय."

"एकोणीस नोंदी दुबार आहेत, साहेब. टाकून देऊ?" बाईने विचारले.

"दे टाकून. एकोणिसांनी काय आभाळ कोसळतंय? बाकी ताईंचं काम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्या आकड्यांवरच तर मी काकांना तेव्हा गप्प केलं."

ते हसले. बाईने बोट कळीवर नेले. ताईने तिचे मनगट धरले.

"साहेब, ते एकोणीस दिवस मी पाणी तपासलंच नव्हतं. पावडर मागवायला विसरले होते. आकडे आदल्या वर्षीचे चढवले. काका खरं बोलत होते."

बाईने बोट मागे घेतले. साहेबांनी दार लोटून घेतले आणि आवाज खाली आणला.

"ताई, सहा वर्षं झाली. आता कोण विचारतंय?"

"कुणीच विचारत नाही, म्हणून तर सहा वर्षं गेली." तिला त्यांच्याकडे पाहवत नव्हते, तरी तिने पाहिले. "या नोंदी पुसायच्या नाहीत. काकांचा शेरा चुकीचा आहे, हे मी आज लिहून देणार आहे, माझ्या सहीनं. आणि त्याआधी फाटकावर जाऊन काकांना सांगणार आहे."