एकदाच खोटं बोललेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि जन्मात एकदाच खोटं बोलले आहे. ते कसं, ते सांगते. हसू मात्र नका.

माझ्यावर एकच शब्द होता, 'हाऊसफुल्ल'. एका चित्रपटगृहासाठी पेंटरने मला रंगवलं, तेव्हा त्याचा दोस्त शेजारी उभा राहून अक्कल शिकवत होता. "ल ला ल जोड रे. एका ल नं भरल्यासारखं वाटत नाही!" हा दोस्त तिथला डोअरकीपर. पुढे सगळे त्याला मामा म्हणू लागले.

काय तोरा होता माझा! शेवटचं तिकीट गेलं की मामा मला फाटकावर टांगायचा आणि रांगेतून "अरेरे!" असा आवाज उठायचा. एक खुर्ची जरी रिकामी असली, तरी तो मला हात लावत नसे. "आपली पाटी खोटं बोलत नाही," म्हणायचा.

मग दिवस फिरले. शहरात चकचकीत थिएटरं आली आणि मी तिकीटखिडकीच्या मागे झाडूशेजारी जाऊन पडले. झुरळं खुशाल पाठीवरून फिरायची. मामाच्या हाताखालची माणसंही गेली. तिकीट विकणारा मामा, फाडणारा मामा, झाडणाराही मामाच. त्याला बायकापोरं नव्हती. जिन्याखालची खोली हेच त्याचं घर.

गेल्या सणाआधी मालकीणबाई आल्या. बाई वाईट नव्हत्या, थकल्या होत्या. "मामा, सणाचे तीन दिवस आहेत. एक, फक्त एक खेळ हाऊसफुल्ल करून दाखवा. नाहीतर सोमवारी कुलूप. मला आता झेपत नाही हो."

मामाने पेंटरला बोलावून घेतलं. शुक्रवारी तो पिशवीत ब्रश घेऊन हजर! माझे पोपडे खरवडले, अक्षरं उजळली. दोघे चहा पीत जुन्या गोष्टी काढून खिदळत होते. मला वाटलं, आपले दिवस परत आले.

पण सिनेमा! भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं. नायकाची आठवण जाते, परत येते आणि पुन्हा जाते. मध्यंतरातच निम्मी माणसं चपला शोधू लागली. पेंटर खेळ बघून डोळे चोळत आला.

"कसा आहे रे?" मामाने विचारलं.

"खरं सांगू?"

"नको."

"तद्दन भिकार आहे."

शनिवारी आत माणसांपेक्षा पंखे जास्त होते. रविवारी उरला तो सहाचा शेवटचा खेळ. पाच वाजता मामाने पाहिलं, तर चौदा तिकिटं गेली होती. त्याने मला उचललं.

"बाई सहाला येतील. फाटकावर पाटी दिसली की झालं."

पेंटर चपापला. "अरे, आपली पाटी खोटं बोलत नाही ना?"

"एकदा बोलू दे रे. कुठे जाऊ मी या वयात?" मग पेंटरनेच मला टांगलं. दोघे आत खिडकीत जाऊन बसले. तिथून फाटक दिसत नाही.

आणि मित्रांनो, माणसं आली! मोठ्या थिएटरांतल्या जागा संपल्या होत्या. सणाचा शेवटचा दिवस, नवे कपडे घालून निघालेले लोक घरी कशाला जातील? आधी एक कुटुंब आलं, मग कॉलेजची टोळी, मग दोन गाड्या भरून बायका. येत होते, मला वाचत होते. "इथंही फुल्ल? चला." मी किंचाळले. आत या, खुर्च्या ओस पडल्यात, आत या! पण माझ्याकडे एकच शब्द होता आणि तोच मी ओरडत होते. वाऱ्याबरोबर हेलकावे घेतले, जीव खाऊन उलटी फिरले. तर एका भल्या माणसाने थांबून मला पुन्हा सरळ केलं.

एका चिमुरडीने आजोबांचा हात ओढला. "आत विचारू या ना!"

"लिहिलंय की बाळा. विचारायचं काय त्यात?"

सहाला बाई आत गेल्या. थोड्या वेळाने तिघेही फाटकाशी आले.

"मामा, मी अर्धा तास समोर गाडीत बसून बघत होते," बाई म्हणाल्या. "केवढी माणसं परत गेली! मला इतका आनंद झाला होता. आत जाऊन बघते, तर चौदा डोकी. अहो, ती सगळी आली असती तर खेळ भरला असता."

मामाने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे मीच... मीच हाकललं त्यांना?"

पेंटर रस्त्यावर धावला. "जागा आहे! या, जागा आहे!" रस्त्यावर कोणी नव्हतं.

सोमवारी कुलूप लागलं. बाईंच्या सांगण्यावरून पेंटरने माझ्यावर काळ्या रंगात 'विकणे आहे' असं लिहिलं. मामा शेजारी उभा होता, पण या वेळी त्याने काही शिकवलं नाही. नंतर ट्रंक उचलून तो पेंटरबरोबर गेला. मागे वळूनही पाहिलं नाही. कसं पाहणार?

आता मी त्याच फाटकावर असते आणि खरं बोलते. माझं एवढंच ऐका. पाटी वाचून लगेच पाठ फिरवू नका. दोन पावलं आत जा आणि विचारा. खिडकीत कुणीतरी तुमचीच वाट बघत बसलेलं असेल.