एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

मी फार जुनी संख्या आहे, मित्रांनो. एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न. मला कोणा सुताराने तासले नाही की लोहाराने ठोकले नाही. एकाला साताने भागायला बसलात, की दशांशचिन्हामागून मी निघते आणि तुम्ही थांबेपर्यंत निघतच राहते. १४२८५७, १४२८५७... झोपेत चालल्यासारखी.

कितीतरी पाट्यांवर मी उमटले आणि ओल्या फडक्याने पुसले गेले. कोणी कौतुक केले, बहुतेकांनी पाहिलेही नाही. पण एकदा बाळापुरात मी एका मुलीपाशी राहिले.

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेला होता. जानराव माळ्याची जमुना चौथीत होती, हिशेबात हुशार. देवीच्या साथीतून ती वाचली, पण तिचे डोळे गेले. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. बोलत नसे. आई पार्बताबाईने भरवलेला घासही थुंकून टाकी.

एका दुपारी तिच्या शाळेतल्या चारुशीलाबाई आल्या. जमुना वळली नाही. बाई म्हणाल्या, "एक संख्या ठेवून जाते. आधी दोनाने गुण, मग तीनाने." त्यांनी मला तिच्या कानात सांगितले आणि त्या गेल्या.

तिच्या अंधारात मी उभी राहिले. बाहेर मोट कुरकुरत होती, झेंडूचा वास येत होता. बऱ्याच वेळाने तिचे ओठ हलले. सात दुणे चौदा, चौदाचे चार, हातचा एक... २८५७१४. मग तीनाने, ४२८५७१. ती ताडकन उठून बसली.

"माय वं! थेच आकडे! हार एकच हाये, पयलं फूल तेवढं बदलून राह्यलं!"

पार्बताबाईला त्यातले काही कळले नाही. पण लेकीचा आवाज ऐकून तिच्या ओटीतली फुले खाली सांडली.

"मले भूक लागली," जमुना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तोवर ती सहापर्यंत पोचली होती. हार फिरतच होता. बाई म्हणाल्या, "आता साताने."

जमुनाने गुणले आणि तिचा चेहरा उतरला. "सारे नऊच आले. हार तुटला, बाई. मले आता या अंधारात मानसं जशी लागतात ना, तसे झाले. सारे सारखेच."

बाई तिच्याजवळ सरकल्या. मग त्या म्हणाल्या, "सातावर का थांबतेस? आठाने गुण."

११४२८५६.

"पहिला एक उचल आणि शेवटच्या सहात मिळव."

जमुनाची बोटे हवेत हलली. एक उचलला. सहाचे सात झाले. मी पुन्हा तिच्यासमोर होते, होते तशी.

पोळा झाल्यावर ती बाईंचा हात धरून शाळेत गेली. पुढे लहान मुलींचे पाढे तीच घेऊ लागली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी भिंतीकडे तोंड करून बसले असेल. त्याच्याजवळ बसून नुसते हळहळू नका. त्याला जमेल असे एखादे सुंदर गणित त्याच्या कानात सांगा, आणि त्याला वेळ द्या.