शिलाहारांचं उद्यापन

आमचा आनंद जर्मनीहून परत आला, तेव्हा त्याच्या सामानात सर्वांत जड पेटी उपदेशाची होती. अभ्यास कसा करावा, ग्रंथ कसा लिहावा, मोठी पदवी हाती पडेपर्यंत जीव कसा तगवावा, हे सांगणारी पुस्तकंच पुस्तकं. आमच्या तानाजी गड्यानं ती कल्याण ठेसनावरून डोक्यावर आणली, अंगणात टेकवली आणि मान चोळत विचारलं, "आत्याबाई, यात तिकडचे दगड का?"

"का रे, इकडचे कमी आहेत?" मी म्हटलं. तेव्हा मला कल्पना नव्हती, मी काय बोलून गेले त्याची.

आनंद माझ्या भावाचा मुलगा. त्याची आई लवकर गेली आणि मी लवकर विधवा होऊन माहेरी आले, असे आम्ही एकमेकांच्या वाट्याला आलो. तो पाटी गिरवायचा, मी समोर बसून तांदूळ निवडायची. तशी मी वाचायला शिकले, उलट्या बाजूनं. अजूनही कुणी पोथी उलटी धरली तर मी झरझर वाचते. सरळ धरली की जरा अडखळते.

त्याची पदवी डॉक्टरची, पण औषधाची नव्हे. आपल्या ठाण्या-कल्याणवर पूर्वी राज्य करून गेलेले शिलाहार राजे, त्यांच्या शिलालेखांवरून त्यांची वंशावळ लावायची, असा त्याचा विषय. तिकडे गुरुजींपाशी शिकून तो इथले दगड डोळ्यांनी बघायला आला होता. ग्रंथ पुरा करून टपालानं धाडला की पदवी. मात्र गुरुजी थकलेले. यंदा ते खुर्ची सोडणार, आणि त्यांच्या जागी जो येणार त्याला हिंदुस्थान म्हणजे वाघ आणि साप. माघातल्या शेवटच्या डाकबोटीनं ग्रंथ निघाला तर ठीक. नाही तर 'मी डॉक्टर होणार होतो' असं सांगत जन्मभर ओसरीवर बसायचं.

आनंद कामाला लागला. म्हणजे उपदेशाची पुस्तकं वाचायला लागला.

एकात लिहिलं होतं, उभ्यानं लिहावं. त्यानं देवघरातला चौरंग मेजावर चढवला. देव आठवडाभर खाली. दुसऱ्यात होतं, पहाटे गार पाण्यानं न्हावं. न्हाऊन तो असा शिंकायचा की शेजारची म्हैस पान्हा चोरायची. तिसऱ्यात होतं, दिवसभरात काय केलं ते संध्याकाळी लिहून काढावं. तो रोज लिहायचा, 'आज काही झाले नाही.' अक्षर मात्र फार सुरेख.

"विद्वानाची पत्नी शांत असावी, असंही आहे म्हणे त्यात," त्याची बायको गोदा मला एकदा चुलीपाशी म्हणाली. "मग आज मी शांतपणे विचारलं, ग्रंथ कधी संपायचा?"

"काय म्हणाला?"

"उत्तराऐवजी एक पुस्तक काढलं. ग्रंथ कसा संपवावा त्यावर आहे. अजून चिकटलेली पानंसुद्धा कापलेली नाहीत."

गावानंही हात आखडता घेतला नाही. कुणी ब्राह्मीचं तेल आणलं, कुणी पूर्वेला तोंड कर म्हणालं, कुणी वांगं सोड म्हणालं. आनंदानं वांगं सोडलं. ग्रंथ होता तिथंच.

खरं दुखणं वेगळंच होतं. ग्रंथ संपत आला, की दगड यायचा. झालं असं, की सुरुवातीला एका गाडीवाल्यानं खडवलीकडून कोरीव दगड आणला आणि आनंदानं आनंदून त्याला पोटभर जेवू घातलं. मग काय! आंबिवलीपासून कळव्यापर्यंत बातमी, की कल्याणात एक राव दगड बघून जेवण देतो. अंगणात दगड येऊन बसले. बरेचसे पाटे-वरवंटे निघाले. पण मधूनच एखाद्यावर खरी अक्षरं असायची, की आमचा विद्वान खुळा झालाच. लिहिलेलं खोडायचा, राजे इकडून तिकडे हलवायचा.

त्यात कळव्याच्या मिठागरावरचा धाकू तर पट्टीचा. त्यानं आणलेल्या दगडावर वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली एक गाढव नि एक बाई.

"ह्ये गाढव काय करतंय रं?" तानाजीनं वाकून बघितलं.

"राजानं दिल्याली जमीन कोन परत घेल, त्याला आयवरून शिवी हाय," धाकू म्हणाला. "दगरातली शिवी. पुसाची नाय."

मी एकदा नीट बघून घेतलं आणि मग त्यावर धोतर वाळत घातलं.

पौष संपला. गोदा आता शांतही राहीना आणि बोलेनाही. त्याच सुमारास शेजारच्या रंगूबाईंचं सोळा सोमवारांचं उद्यापन झालं. त्या मोकळ्या होऊन, पदरानं वारा घालत आमच्या ओट्यावर बसल्या, नि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. सोमवार काय, येतच राहतात. बाईचं व्रत संपतं ते सोमवार संपले म्हणून नव्हे. जेवणाची आमंत्रणं गेली म्हणून.

गोदाच्या कानात सांगितलं. ती इतकी हसली की फोडणी करपली.

दुसऱ्याच दिवशी कुंकू-अक्षता घेऊन आम्ही दोघींनी अख्खी आळी पालथी घातली. मला सवाष्णींच्या पंगतीत जागा नाही, पण पंगत मांडायला कोण अडवतं?

"उद्यापन? कुठल्या देवाचं?" रंगूबाईंनी विचारलं.

"शिलाहारांचं," गोदा म्हणाली.

"नवीन दिसतो."

"जुनाच आहे. जर्मनीत फार मानतात."

दिवस धरला डाकबोटीच्या आदला. आनंदाला कळलं तेव्हा तो चौरंगासकट कोसळायचा राहिला.

"आत्या! ग्रंथ पुरा नाही झालेला!"

"मग कर. पुरणाची डाळ आली आहे."

"अगं, अजून अंबरनाथच्या लेखाचा पाठ बघायचाय, त्या खडवलीच्या—"

"सोळा सोमवारांचे सतरा करते का कुणी? भटजी सांगून झाले, पत्रावळी आल्या. आता तू नाही म्हणालास तर मी साऱ्या आळीला काय सांगू? शिलाहारांना सुतक आलं म्हणून?"

तो पुस्तकांच्या पेटीकडे गेला. पेटी सापडली नाही. तीवर गोदा बसली होती.

"उठ," तो म्हणाला.

"मी शांत आहे," गोदा म्हणाली.

मग मात्र तो लिहायला लागला. बसून, वाकून, उताणा पडून, वांगं खाऊन! न्हाणं विसरला, म्हैस सुखी झाली. शाईची बोटं त्यानं नाकाला लावली, कानाला लावली. आमच्या घरात एक बिबट्या हिंडायचा आणि राजांची नावं पुटपुटायचा. उद्यापनाच्या सकाळी त्यानं शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. उलटं. मला ती भाषा एक अक्षर कळली नाही, पण खाली रेघ मारलेली दिसली.

अंगणात मांडव घातला. दगडांना जागेवरून हलवणं शक्य नव्हतं, म्हणून बायका त्यांवरच टेकल्या. गाढवाच्या दगडावर रंगूबाई बसल्या. मी वर धोतराची घडी घालून दिली. आनंद आणि गोदा पाटांवर, त्याच्या उपरण्याची न् तिच्या शेल्याची गाठ मारलेली. समोर रेशमी फडक्यात बांधलेला ग्रंथ. पहिल्या पानावर गोदानं हळदकुंकू वाहिलं.

भटजी म्हणाले, "यजमान, उदक सोडा आणि म्हणा, न मम."

माझं नाही. हे दान दिलं, ह्यावर आता माझा हक्क नाही. मला ते ठाऊक होतं. पण आनंद संस्कृतातला! तो शब्द ओठांवर घेऊन तसाच बसून राहिला. मला एकदम तो पाटी पुसायला न देणारा पोरगा दिसला. गोदानं त्याच्या कोपराला हात लावला. पळीभर पाणी बोटांवरून सुटलं, आणि तो हळूच म्हणाला, "न मम."

तानाजीनं गाठोडं उचललं. त्याची मुंबईची गाडी धरायची वेळ होत आली होती. तो फाटकापाशी पोचतो न पोचतो तोच बाहेर बैलगाडी थांबली.

"रावसायब!" धाकूचा आवाज. "धोंडा आनलाय! ह्याच्यावर गाढव नाय, नुस्ती अक्षरां हायेत!"

पाटावरूनच आनंदानं मान लांब केली. गाडीच्या मागच्या फळीवर दगड उभा होता, त्यावर ऊन तिरपं पडलेलं. अक्षरं मला इथून दिसत होती, तर त्याला दिसणारच. तो वाचत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला.

"आत्या," तो म्हणाला, "मी ज्यांना भाऊ लिहिलंय ना, ते बाप-लेक आहेत."



"तानाजी, थांब!" आनंद ताडकन उठला, दोन पावलं धावला आणि खाडकन मागे आला. उपरण्याची गाठ. दुसऱ्या टोकाला गोदा, पाटावर मांडी घालून, खांबासारखी.

"सोड गोदा!"

"भटजींनी गाठ मारली. भटजीच सोडतील."

भटजींना एकाएकी खोकल्याची उबळ आली.

"एकच पान बदलायचंय! एकच!"

"राव," भटजी खोकता खोकता म्हणाले, "उदक सोडलंत तुम्ही. दिलेलं परत घेणाऱ्याला काय म्हणतात, ते तुम्हीच वाचून दाखवलंत ना आम्हाला?"

साऱ्या बायकांनी रंगूबाईंच्या बुडाखालच्या दगडाकडे बघितलं. रंगूबाईंनी वाकून बघितलं. आणि किंचाळून उठल्या.

आधी धाकू हसला. मग भटजी. मग आनंदानं उपरण्यात तोंड खुपसलं. मला वाटलं रडतोय, पण तो हसत होता, शाईच्या गालांवरून पाणी वाहेपर्यंत. हसता हसताच त्यानं हात वर केला.

"तानाजी, पळ! माझं मन फिरायच्या आत पळ!"

तानाजी असा पळाला की धाकूचे बैल बुजले. मागून गाडीची शिटी ऐकू आली, तेव्हा आम्ही पुरणपोळी वाढत होतो. धाकूला पहिली.

आषाढात टपाल आलं. पदवी होती, आणि गुरुजींचं पत्र. आनंदानं वाचून दाखवलं: ग्रंथ उत्तम आहे, पहिल्या पानावरचा पिवळा-तांबडा डाग कोणत्या शाईचा ते कळावं, आणि ते दोन भाऊ बाप-लेक तर नसतील, हे सवडीनं पाहावं.

"सवडीनं," आनंद म्हणाला आणि अंगणातल्या त्या दगडाकडे बघत उठला.

गोदानं त्याच्या उपरण्याचं टोक धरलं.