ऑरिनचं हेलिकॉप्टर

मी एक हेलिकॉप्टर बोलतोय. पण उडण्याचं नाव काढू नका. वीतभर प्लास्टिकचा माझा जीव. खोक्यातून सुटे भाग होऊन बाहेर पडलो, तेव्हाच खरं तर कंटाळलो होतो.

ओहायोतल्या ऑरिन केसलर नावाच्या म्हाताऱ्यानं मला तळघरातल्या टेबलावर जोडायला घेतलं. व्हिएतनामच्या लढाईत तो मेकॅनिक म्हणून एका हेलिकॉप्टरवर असायचा, त्यातूनच उडायचा. त्या एकाच हेलिकॉप्टरच्या प्रतिकृती तो आयुष्यभर बनवत आलाय. माझी थोरली भावंडं फळीवर धूळ खात बसलीत. त्याची बायको लोरेटा म्हणायची, "पडलं ते पडलं. किती वेळा उचलणार आहेस?" हा आपला ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

ते खरं हेलिकॉप्टर लढाईत पडलं त्या दिवशी ऑरिन तापानं फणफणला होता. त्याच्या जागी दुसरा पोरगा गेला, तो गेलाच. वैमानिक व्हिटकॉम साहेब तेवढे वाचले. पुढे दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. भांडण नव्हतं हो. बोलायचं काय, हेच सुचत नव्हतं. आता साहेब अंथरुणाला खिळले, आज आहेत उद्या नाहीत अशी गत, आणि त्यांनी ऑरिनला बोलावणं धाडलं. रिकाम्या हातानं जायचा याला धीर होईना. म्हणून माझी घाई.

घाईनं घात केला. ऑरिननं माझी समोरची काच झटपट सुकणाऱ्या गोंदानं चिकटवली. या छंदातला माणूस असं कधी करत नाही. त्या गोंदाच्या वाफेनं काच पांढुरकी होते. झालीच. तो मला हातात घेऊन नुसता बसून राहिला. मला त्याची कीव आली, पण पुन्हा सुटं होऊन जोडून घ्यायचं त्राण माझ्यातही नव्हतं. तसेच निघालो.

साहेबांनी मला डोळ्यांजवळ नेऊन निरखलं. म्हणाले, "काच पुसायचा कंटाळा अजून आहेच तुझा."

ऑरिन हसला.

त्यांच्या तुकडीत एक रीत होती. हेलिकॉप्टर मेकॅनिकचं, वैमानिक कितीही मोठा असला तरी उसनं नेणारा. ऑरिन आत बसलेला असला तरी साहेब आधी त्याला विचारायचे, "नेऊ का?"

"त्या दिवशी तुला न विचारता नेलं रे मी," साहेब म्हणाले. "आणि त्या पोराला परत आणता आलं नाही."

ऑरिननं मान खाली घातली. साहेबांनी मला छातीशी धरलं. "हे नेऊ का?"

"न्या, साहेब," ऑरिन म्हणाला. "परत आणायची घाई करू नका."

आज साहेब शवपेटीत निजलेत, मी त्यांच्या हाताशी. आता झाकण लागेल. भीती नाही, नुसता शिणवटा आहे. ऑरिन, लोरेटा गाडीत खोळंबलीय. तिच्याबरोबर घरी जा, दोन घास खा. आणि पुढचं खोकं उघडू नकोस रे बाबा.