ताट वाढलं, पण दारात गेली नाही

प्रियदर्शनीला कधी एकदा घरी पोचते असं झालं होतं. मराठीच्या बाईंनी तिला एका जुन्या कादंबरीवर बोलायला उभं केलं होतं, आणि तिनं असं काही ठोकून दिलं होतं, की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा चिडीचूप!

दप्तर फेकून ती थेट दुर्गाकाकूच्या खाटेपाशी. काकूनंच तिला लहानाची मोठी केली होती. उन्हाळ्यापासून काकू खाटेला खिळली होती. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, पण ते काकूला कुणी सांगितलं नव्हतं. घरात सगळे 'अल्सर' म्हणत. प्रियदर्शनीसुद्धा.

"काकू, आपण ती कादंबरी वाचतोय ना, त्यात लेखकाची खरी करामत काय माहितीये? नावाडी बुडाला हे तो आपल्याला आधीच सांगून टाकतो. त्याच्या बायकोला मात्र कुणी सांगत नाही. बिचारी रोज त्याचं ताट वाढती. आपल्याला ठाऊक, तिला नाही! म्हणून तर पुस्तक खाली ठेववत नाही."

"कोन म्हनलं तिला ठावं न्हाई?"

"अगं, सासूसकट सगळा गाव लपवून राह्यलाय ना!"

"मी बराबर ऐकून राह्यले, माय. ताट वाढती. पन दारात जाऊन वाट बघती का एकदा तरी?"

प्रियदर्शनीनं भराभरा पानं चाळली. ताट होतं, तांब्या होता, अंथरूणसुद्धा होतं. नावाड्याची बायको दारात मात्र कुठंच गेली नव्हती. हे तर बाईंच्याही ध्यानात आलं नव्हतं!

"मग बोलत का नाही ती?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"सासू इतकी जीव तोडून खोटं बोलून राह्यली तिच्यापायी. तिला उघडं कशाला पाडायचं?"

प्रियदर्शनी हसायला गेली आणि हसू ओठांतच राहिलं. रिपोर्टमध्ये काय आलं, हे काकूनं आजवर एकदाही विचारलं नव्हतं. घरातल्यांना वाटायचं, बरंय, विचारत नाही.

"काकू, तू..."

काकूनं तिचं मनगट धरलं. "तुझ्या काकाला बोलू नको. त्येला झेपायचं न्हाई."

तेवढ्यात भारतकाका औषधांची पिशवी घेऊन आत आले. "दुर्गा, आत्ताच डॉक्टरला फोन केल्ता. म्हनले, दिवाळीपर्यंत बिलकुल ठणठणीत!"

"मंग अवंदा चिवड्याला पोहे जास्तीचे आना," काकू म्हणाली. "मागच्या खेपी तुमीच अर्धा डबा फस्त केल्ता."

काका खळखळून हसले. किती दिवसांनी! आपलं खोटं पचलं, या आनंदात ते चहा टाकायला गेले.

प्रियदर्शनीनं पुन्हा पुस्तक उघडलं. सकाळी वर्गात किती ऐटीत सांगितलं होतं तिनं, की आपल्याला ठाऊक असणं यातच सगळी मजा आहे.

"वाच," काकू डोळे मिटून म्हणाली. "रडू नको. त्यो आत हाय."

तिनं आवाज खणखणीत काढला, स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढा, आणि ती वाचू लागली.