आप्पांचा डावा पाय

मी एक जुनी मोटारगाडी आहे. रंग चंदेरी, निदान कागदोपत्री तरी. मित्रांनो, कधी सुरतेला आलात तर कोसाडच्या वसाहतीत, पाण्याच्या टाकीशेजारी उभी दिसेन ती मीच. जन्म मोठ्या कारखान्यातला, आणि पहिली काही वर्षं एका बँकेतल्या साहेबांच्या दारात गेली. त्यांनी मला जपलं, पण जीव लावला नाही. माझं खरं आयुष्य भटूआप्पांनी मला घरी आणलं तिथून सुरू झालं.

आप्पा खानदेशातले. तरुणपणी सुरतेला आले आणि यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, त्यांनी हयात घालवली. कान असा तयार, की सगळे माग खडखडत असताना त्यातला एक बिघडला तरी यांना पाठमोरं कळे. खातं सुटल्यावर, नातवंडं खेळवायच्या वयात, ते गाडी चालवायला शिकले. का, तर लेकीसाठी.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेली लेक माहेरी येते. तिला आणायला माहेरचं माणूस जातं, त्याला मुराळी म्हणतात. आप्पांची सुषमा साक्रीला दिलेली. आधी आप्पा एसटीने धक्के खात जायचे. मी आल्यापासून आम्ही दोघं जाऊ लागलो. नवापूर मागे पडलं की कोंडाईबारीचा घाट लागतो. तिथे आप्पा माझा आवाज ऐकून गिअर बदलत. मला कधी दम लागू दिला नाही त्यांनी. साक्रीला पोहोचलं की सुषमाताई पळत यायची, थेट चालकाच्या बाजूचं दार उघडायची आणि म्हणायची, “उनात का, आप्पा?” म्हणजे, आलात का. त्या दोन शब्दांसाठी आप्पा वर्षभर माझ्या काचा पुसत.

मग गजेंद्र मोठा झाला. आप्पांचा धाकटा. सुरतेतल्याच पर्वत पाटिया भागात साड्यांच्या भरतकामाचं काम बघतो, मित्र सगळे हौशी. त्याने मला नटवायला घेतलं. चाकं रुंद बसवली. सायलेन्सर असा लावला की मी गल्लीत शिरले की कुत्री उठून उभी राहत. माझी श्वास घ्यायची जुनी बंद पेटी काढून टाकली आणि बंपरच्या मागे, अगदी खाली, उघड्या तोंडाचा फिल्टर लावला. “गाडी तो मस्त लागे छे, भाई,” मित्र म्हणाले. खोटं कशाला सांगू, मलाही ते आवडलं. म्हाताऱ्या बाईला कोणी नवी साडी नेसवली तर ती काय नको म्हणेल?

पण सुरतेची धूळ गजेंद्रला ठाऊक होती. उघड्या फिल्टरमध्ये ती जाणार. खात्यात मोटरीच्या जाळीवर साडीचा तुकडा बांधतात, म्हणजे तंतू आत जात नाहीत. लहानपणी आप्पांचा डबा घेऊन जाताना त्याने ते पाहिलं होतं. त्याने जॉर्जेटचा जांभळा तुकडा दुहेरी करून माझ्या तोंडाला बांधला. गाठसुद्धा विणकराची मारली, आप्पांनी शिकवलेली. फक्त एक गोष्ट तो विसरला. खात्यात तो कपडा दर पाळीला सोडून झटकतात. माझा कोणी एकदाही झटकला नाही.

रस्त्याचं पाणी उडालं, त्यावर धूळ बसली, पुन्हा पाणी, पुन्हा धूळ. कपड्याचा चिखल झाला. मला श्वास मिळेना. अमरोलीच्या पुलावर चढताना कितीही पाय दाबा, मी पुढे जाईना. पहिल्या गिअरात निघताना तर अंग असं थरथरे की मागच्या सीटवर मंगलाबाई, म्हणजे आप्पांच्या घरच्या, देवाचं नाव घेत.

आप्पांनी मान वाकडी करून ऐकलं. “हिना आवाज बदलना,” ते म्हणाले. “आते हाई मोकयी बोलत नई.” मी मोकळी बोलत नाही, म्हणे. पण नव्या सायलेन्सरच्या गोंगाटात त्यांच्या कानालाही नेमकं काही सापडेना.

गजेंद्रला मात्र लगेच सापडलं. “आप्पा, तुमना पाय सदा क्लचवर ऱ्हास. म्हनीसन गाडी झटका मारस.”

“मना पाय?” आप्पा म्हणाले.

“ऱ्हाऊ द्या,” मंगलाबाई हळूच म्हणाल्या. “आते वय व्हयनं.”

आप्पांनी आपल्या डाव्या पायाकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. किल्ली त्यांनीच काढून दिली. यंदा आखाजीला ताईला मी आणीन, असं गजेंद्रने सांगितलं तेव्हा ते माझ्या काचा पुसायच्या फडक्याची घडी घालत राहिले. मित्रांनो, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि साक्षीला मला उभं केलेलं. मी थरथरले की आप्पांचा गुन्हा सिद्ध.

मला वाटलं, मेकॅनिककडे नेतील तेव्हा सत्य बाहेर येईल. लोटू मिस्तरी गावाकडचाच, हात साफ. त्याने हँडब्रेक ओढला, मला वरच्या गिअरात टाकलं आणि क्लच सोडला. मी जागच्या जागी बंद पडले. “क्लच ते चांगला शे,” लोटू म्हणाला. मग प्लग काढले. सगळे काजळीने काळे. ते पुसून परत बसवले आणि मला सुरू ठेवलं. मग तो जमिनीवर आडवा झाला, बंपरखाली हात घातला आणि तो चिकट जांभळा गोळा ओढून काढला. मी इतका मोठा श्वास घेतला की त्याच्या हातातला दिवा हलला.

“गजूभाई, हाऊ कपडा कोनी बांधा? गाडीले हवाच भेटत नई व्हती.”

गजेंद्रने कपडा हातात घेतला. गाठ बघितली. त्याचा चेहरा उतरला, आणि क्षणभर मला वाटलं, आता हा घरी जाऊन आप्पांच्या हातात किल्ली ठेवील. त्याने कपडा कचऱ्याच्या पिंपात टाकला. “आप्पाले सांगू नको,” तो म्हणाला.

घरी येऊन त्याने आप्पांना सांगितलं, “क्लच खराब व्हयेल व्हता. नवा टाका आते.” क्लच जुनाच होता, पण नवा टाकला म्हणे, म्हणजे दोष पुन्हा आप्पांच्या पायाचाच. परक्याने मारलं असतं तर मी सोसलं असतं. हा तर केसाने गळा कापणं झालं, माझाही आणि त्यांचाही.

आखाजीला आम्ही निघालो. गजेंद्र चालवत होता, आप्पा डावीकडे बसले होते. कोंडाईबारी मी एका दमात चढले, इतकी छान की माझीच मला लाज वाटली. “गजू, तुना हातमा गाडी कशी चांगली चालस,” आप्पा म्हणाले. गजेंद्रने समोरच्या रस्त्यावरून नजर हलवली नाही.

साक्रीला सुषमाताई पळत आली. तिने नेहमीचं दार उघडलं आणि “उनात का” म्हणता म्हणता थांबली. आत भाऊ होता.

“आज गजू लयना का गाडी?”

पलीकडून आप्पा उतरले. “हा वं माय. आते मना पाय कामना नई ऱ्हायना.”

गजेंद्र ऐकत होता. तो उतरला आणि ताईची पिशवी घेऊन डिकीकडे वळला.

मित्रांनो, मला रंग नको, रुंद चाकं नकोत. गाडी अडली तर आधी बॉनेट उघडा, आणि चूक आपली निघाली तर ती पिंपात टाकू नका. मला तोंड असतं तर त्या अंगणातच मी सगळं सांगितलं असतं. पण मला आवाज आहे तो फक्त इंजिनाचा, आणि तो ओळखणारा माणूस आता आपल्या कानांवरही विश्वास ठेवत नाही. परतीच्या वाटेवर गजेंद्र गिअर बदलायचा तेव्हा प्रत्येक वेळी, त्याच्या बरोबरीने, डावीकडच्या रबरी पायपुसण्यावर आप्पांचा डावा पाय दाबला जात होता. अगदी वेळेवर, आणि लगेच सुटत होता.